राखेचं काँक्रीट करताय? या चुका टाळा

आमच्या चुलतभावाने गोठ्यात कोबा केला. दीपनगरच्या वीज केंद्राची राख नातलगाच्या ट्रॅक्टरने येत होती, म्हणून ती घालून तीस टक्के सिमेंट वाचवलं. महिन्याभरात खराटा मारला की पांढुरकी भुकटी निघायला लागली. मिस्त्री म्हणे, राखच खराब. मी सिमेंटची रिकामी गोणी उलटून पाहिली, तर तिच्यावर पीपीसी लिहिलेलं.

चूक तिथेच होती. पीपीसी या जातीच्या सिमेंटमध्ये कारखान्यातच १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश, म्हणजे वीज केंद्राचीच बारीक राख, असते. गोणीत आधीच तीस टक्के असेल आणि वरून आपण तीस टक्के सिमेंट कमी केलं, तर खरं सिमेंट निम्मंच उरतं. राख घालायचीच असेल तर ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट, घ्या आणि प्रमाण इंजिनिअरकडून काढून घ्या. भावाला शेवटी वरचा थर खरवडून नवा कोबा करावा लागला, वाचलेले पैसे त्यातच गेले.

राखही कुठलीही चालत नाही. धुरातून पकडलेली कोरडी, पिठासारखी राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश. भट्टीच्या तळाची जाडसर किंवा तळ्यात सोडलेली ओली राख भरावाला ठीक, सिमेंटच्या जागी नाही. जास्त काळपट दिसली तर न जळलेला कोळसा असण्याची शंका घ्या. आयएस ३८१२ या भारतीय मानकाप्रमाणे तपासलेल्या राखेचा दाखला मागा.

स्लॅब सात दिवसांनी कच्चा वाटला तर घाबरू नका. हे काँक्रीट सावकाश ताकद धरतं. पण सेंट्रिंग, म्हणजे खालच्या आधाराच्या फळ्या, काढायची घाई नको, आणि पाण्यात तर कंजुषी मुळीच नको. आयएस ४५६ हे काँक्रीटचं मानक अशा काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी सांगतं, कोरड्या उन्हाळी हवेत चौदा. आपल्याकडचा मे महिना म्हणजे चौदाच धरा. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून भागत नाही, ओलं गोणपाट टाका किंवा आळी करून पाणी साठवा.

जुनं सामान वापरायचं असेल, तर जुन्या काँक्रीटची फोडलेली खडी आरसीसीत (सळईच्या काँक्रीटमध्ये) एम-२५ या ताकदीच्या दर्जापर्यंतच, तीही २० टक्क्यांच्या आत, आणि आधी भिजवून. धाब्याच्या घराचा मलबा मात्र नकोच, त्यात माती फार.

आता काही जण केळीचे खांब नि पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) जाळून ती राख घालू पाहतात. तिच्यात पालाश फार, त्याने काँक्रीटमध्ये अल्कली, म्हणजे नको असलेले क्षार, वाढतात. ती शेतात टाका.