बर्फावर सहा दिवस, घसरणं मात्र तासभर: स्कीइंग शिकताना या चुका टाळा

गुलमर्गहून धुळ्याला परत आलो की भेटेल तो एकच विचारतो, "स्कीइंग किती दिवसांत येतं?" तीन हिवाळे मिळून मी वीस दिवस बर्फावर काढलेत आणि आता मध्यम उतार न घाबरता उतरतो. त्या जोरावर सांगतो: सलग सहा-सात दिवस प्रशिक्षकाच्या हाताखाली काढले तर सोप्या उतारावर हवं तिथे वळता येतं, हवं तिथे थांबता येतं. मध्यम उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून भरवशाने उतरायला साधारण असे तीन आठवडे धरून चाला. पण दिवस मोजण्यातच आपली पहिली गफलत होते.

दिवस मोजू नका, घसरण्याची मिनिटं मोजा

पहिल्या कोर्सच्या तिसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून बघितलं. नवशिक्यांच्या उतारावर लिफ्ट नव्हती. स्की आडव्या ठेवून, खेकड्यासारखं एकेक पाऊल टाकत वर चढायचं. त्याला नऊ ते दहा मिनिटं. खाली यायला पंचवीस सेकंद. मग रांग, दम खाणं, सूचना. चार तासांत बावीस फेऱ्या झाल्या, म्हणजे प्रत्यक्ष घसरणं जेमतेम नऊ मिनिटं. असे सहा दिवस धरले तर तासही भरत नाही. पोरगं पहिल्याच संध्याकाळी सायकलवर याहून जास्त वेळ असतं. "आठवडा झाला तरी जमत नाही" म्हणून निराश होणाऱ्यांना मी हा हिशेब मांडून दाखवतो. तुम्ही कमी पडलेला नाही, तुमचा सरावच अजून तासाभराचा आहे.

यावर उपाय दोन. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ड्रॅग लिफ्ट (स्कीवर उभं असतानाच दोरीने वर ओढून नेणारी) असलेल्या उतारावर जा, फेऱ्या कितीतरी पटीने वाढतात. आणि चढणं वाया गेलं असं समजू नका, स्कीची कड बर्फात रोवायचा सराव तिथेच होतो.

दोन तासांच्या फेरीला शिक्षण समजणं

काश्मीर सहलीत भाड्याने स्की घेऊन, कुणाचा तरी हात धरून दोन तास घसरायचं आणि फोटो काढायचे, हे बहुतेकांनी केलेलं असतं. मीही तसंच सुरू केलं. भाड्याचं सामान देणाऱ्याने ना वजन विचारलं, ना बाइंडिंगला हात लावला. सोबतच्या माणसाने तासाभरात "तुम्हाला येतंय" म्हणत वरच्या उतारावर नेलं. पडलो तेव्हा बूट स्कीतून सुटलाच नाही. गुडघा पिळवटला आणि पुढचे सहा आठवडे मी घरचा जिना कठडा धरून उतरलो.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा खटका. पडताना तो सुटलाच पाहिजे. किती जोराला सुटायचा, हे तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कितपत शिकलात यावर ठरतं. दुकानदार विचारत नसेल तर स्वतःहून सांगा आणि वजन खरं सांगा. त्याने बाइंडिंगचा जोर जुळवलेला दिसला नाही तर तिथून सामान घेऊ नका. यावर मी अजिबात तडजोड करत नाही.

कोर्सच करा. उत्तराखंडातल्या औलीला गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे कोर्स घेतं. गुलमर्ग आणि मनालीजवळच्या सोलंगलाही सरकारी संस्थांचे कोर्स असतात. जमल्यास चौदा दिवसांचा घ्या. आपल्या अंगात खरा फरक पडायला लागतो तो आठव्या-नवव्या दिवसानंतर.

भीती वाटली की मागे रेलणं

ही चूक सगळे करतात, आणि सर्वांत जास्त दिवस हीच खाते. उतार समोर दिसला की अंग आपोआप मागे जातं. खानदेशी माणसाने आयुष्यभर चिखलात, शेताच्या बांधावर तोल असाच सांभाळलेला असतो. पण स्कीवर मागे रेललात की पुढची टोकं हलकी होतात, बर्फाला धरत नाहीत आणि वळायचं म्हटलं तरी वळत नाहीत. वेग मात्र वाढतो. माझ्या पुढे अमळनेरचा मित्र "भाऊ, मना पाय सरकी राहिना!" (माझा पाय सरकतोय!) ओरडत गेला, तो पूर्ण मागे झुकलेला होता.

आमच्या प्रशिक्षकाने माझी नडगी आणि बुटाची जीभ यांच्यामध्ये दहाची घडी केलेली नोट खोचली. "नोट पडता कामा नये." नोट धरून ठेवायची तर नडगी पुढे दाबावीच लागते. त्याने गुडघे वाकले, वजन पुढे आलं, आणि दोन दिवस न जमलेलं डावं वळण त्याच दुपारी जमलं. डावीकडे वळायचं तर वजन उजव्या पायावर, हेही तेव्हा अंगात मुरलं.

नजर स्कीच्या टोकांवर असेल तरी अंग गडबडतं. दहा-पंधरा पावलं पुढे बघा.

बुटात दोन-दोन मोजे घालू नका. थंडीच्या धाकाने आपण घालतो, पण पाय आवळला की रक्त कमी पोचतं आणि जास्त गारठतो, शिवाय बुटाची पकड जाते. गुडघ्यापर्यंतचा एकच मोजा पुरतो.

काठ्यांचे पट्टे मनगटात घट्ट अडकवून पडलात तर अंगठ्याचा सांधा दुखावतो. पडायचंच झालं तर बाजूला, उताराच्या चढाकडच्या अंगाला, कुल्ल्यावर पडा आणि काठ्या सोडून द्या.

घरून काहीच तयारी न करणं

जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास, गुलमर्ग साडेसव्वीसशे. पहिला दिवस दम लागण्यातच जातो, म्हणून एक दिवस आधी पोचा. पायांची तयारी मात्र खानदेशातच होते. मी नोव्हेंबरपासून आठवड्यातून तीनदा लळिंगचा किल्ला करतो. चढताना जमेल तसं, पण उतरताना मुद्दाम सावकाश, गुडघे वाकवून. स्कीवर मांड्या ताणल्या जात असतानाच भार पेलतात, तसाच भार उतरताना पडतो. घरी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं दीड मिनिट, तीन वेळा. हे दोन महिने केलेल्याला चौथ्या दिवशीही दुपारी उभं राहता येतं. न केलेला दुसऱ्या दिवशीच हॉटेलात झोपून असतो.

दिवस निवडताना जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचे बघा, आणि तारीख बदलता येईल असं बुकिंग करा. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं पडलं होतं, बर्फ महिनाअखेरीस आला.

मधे तीन-चार वर्षं जाऊ देणं

एकदा जाऊन आलं की पुढचा बेत "बघू कधीतरी"वर जातो. शिकलेलं पुसत नाही, पण गंजतं. मी एक हिवाळा चुकवला तर पुढच्या वेळी पहिला दीड दिवस पुन्हा लहान पोरांच्या उतारावर गेला. लागोपाठच्या दोन-तीन हिवाळ्यांत एकेक आठवडा काढलेला बरा. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलम या वळणावळणाच्या शर्यतीत ४५ वा आलेला काश्मीरचा आरिफ खान लहानपणापासून बर्फावर आहे, त्याच्याशी आपली बरोबरी नको. आपल्याला सुखरूप आणि मजेत उतरता आलं की झालं.

दुपारी तीननंतर "आता शेवटची एक फेरी" हा मोह टाळा. तोवर बर्फ ओला, जड झालेला असतो आणि मांड्या थरथरत असतात. आमच्या तुकडीतल्या दोघांना दुखापत झाली, दोघेही त्याच फेरीत पडले. मी आता पाय पहिल्यांदा थरथरले की स्की काढतो, खांद्यावर घेतो आणि चालत खाली येतो.