जुन्या मस्टँगची ताकद वाढवायची? आधी हेड आणि पेट्रोलची नळी बघा

अमेरिकेत १९६० च्या दशकातली मस्टँग किंवा कॅमॅरोसारखी गाडी हाती आली, की पहिली ओढ मोठ्या कॅमशाफ्टची (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) असते. जरा दम धरा. आधी इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) काढा, कारण कोणतं पेट्रोल चालेल हे मुख्यतः त्यावरच ठरतं. हेड, म्हणजे सिलिंडरवरची झाकणं, बिडाचे असतील तर हा रेशो साडेनऊच्या आसपास थांबवलेला बरा. अ‍ॅल्युमिनियमचे असतील तर साधारण साडेदहापर्यंत जाता येतं आणि गाडीच्या नाकावरचं वजनही उतरतं. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील, तर माझं मत हेडलाच. नव्या हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) असतात, त्यामुळे बिनशिशाच्या पेट्रोलने त्या झिजण्याची काळजीही मिटते.

आता बॉनेट उघडून कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी बोटांनी वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या किंवा रबर लिबलिबीत लागलं, तर गाडी सुरूच करू नका. तिथल्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. कार्ब्युरेटरला ५-६ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब पुरतो. त्याच्याऐवजी बसवतात त्या फ्युएल इंजेक्शनला बहुधा ४३ ते ५८ लागतो. म्हणून इंजेक्शन बसवताना नळ्या आणि क्लॅम्पही त्या दाबाचेच घ्या, आणि पंप टाकीच्या आतच बसवा. तो पेट्रोलमुळे थंड राहतो. ई८५ वर (बहुतांश इथेनॉल असलेल्या इंधनावर) जायचं असेल तर इंधन सुमारे ३० टक्के जास्त लागेल, पंप त्या हिशेबाने निवडा.