वायफाय चालू, डेटाही चालू, तरी नेट नाही? या चुका टाळा

फोनमध्ये वायफाय चालू, मोबाईल डेटा चालू, सिमही दोन. तरी नेमकं गरजेच्या वेळी पडद्यावर गोल फिरत राहतं. मग आपण वैतागून फोन बंद करून परत चालू करतो. कधी त्यानं काम होतं, पण बिघाड कुठे होता ते कळत नाही आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

मुळात दोन्ही चालू ठेवले की वेग दुप्पट होतो, हा समज डोक्यातून काढून टाका. फोन सहसा एका वेळी एकच वाट धरतो, आणि वायफायवर इंटरनेट आहे असं त्याला दिसलं की ती वाट वायफायचीच. त्याला ते दिसतं कसं? अँड्रॉइड फोन वायफायला जोडला गेला की गूगलच्या एका पत्त्यावर छोटीशी विनंती पाठवतो. उत्तरात २०४ हा कोड आला की नेट आहे असं तो धरतो. ही तपासणी नेट आहे की नाही एवढीच असते, वेगाची नसते. म्हणून रडतखडत चालणारं वायफायसुद्धा त्यात पास होतं, आणि शेजारी चांगला डेटा असूनही फोन वायफायलाच चिकटून बसतो.

याचा मला चांगलाच फटका बसला आहे. व्हिडिओ कॉलवर बोलत बोलत मी खोलीतून जिन्यात गेलो. वायफायची एकच कांडी उरली होती. समोरच्याचा चेहरा गोठला, आवाज तुटायला लागला आणि मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो. अर्ध्या मिनिटानं फोन डेटावर आला, पण तोवर मागे चालू असलेलं मोठ्या फाईलचं अपलोड पार तुटलं होतं.

कारण सरळ आहे. वाट बदलली की फोनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा त्याचा क्रमांक, बदलतो आणि जुन्या पत्त्यावर बांधलेली टीसीपी जोडणी (माहिती ने-आण करण्याची जुनी, रुळलेली पद्धत) तुटते. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक (QUIC) या ने-आणीच्या नव्या पद्धतीत पत्ता बदलला तरी जोडणी टिकू शकते, पण सगळी ॲप ती वापरत नाहीत. त्यामुळे पैसे पाठवताना, फॉर्म भरताना किंवा मोठी फाईल चढवताना एकच वाट ठरवा आणि काम संपेपर्यंत ती बदलू नका. घराबाहेर पडायचंच असेल तर वायफाय आधी बंद करा, कॉल नंतर लावा.

उलट्या टोकाची चूकही होते. २०१५ पासून आयफोनमध्ये 'वायफाय असिस्ट' आहे आणि ते मुळातच चालू असतं. वायफाय कमजोर झालं की ते गुपचूप डेटा वापरतं. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही अशी सोय वेगवेगळ्या नावांनी असते. सोय चांगली आहे, पण डेटा मोजून वापरावा लागत असेल तर ती बंद ठेवा, नाहीतर वायफायवर पाहतोय असं समजून पाहिलेला सिनेमा डेटावर पडतो.

दोन सिम असतील तर डेटा कोणत्या सिमवर आहे ते सेटिंगमध्ये एकदा नीट बघून ठेवा. बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. कॉलपुरता डेटा दुसऱ्या सिमवर नेण्याची सेटिंग असते. ती चालू करायची असेल तर त्या सिमच्या डेटाचा दर आणि रोमिंग आधी तपासा.

हॉटेल, स्टेशन अशा ठिकाणी वायफाय जोडलेलं दिसतंय पण लॉगिनचं पान उघडत नाही, अशा वेळी पासवर्डवर संशय घेऊ नका. आधी व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं ॲप) असेल तर ते बंद करा. मग अँड्रॉइड ९ पासून आलेलं 'प्रायव्हेट डीएनएस' बघा. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. तिथे कधीतरी कुणाच्या सांगण्यावरून एखाद्या सर्व्हरचं नाव घातलेलं असेल आणि तो सर्व्हर बंद पडला असेल, तर वायफाय आणि डेटा दोन्हीवर एकदमच काही उघडत नाही. ते 'ऑटोमॅटिक'वर आणा. दोन्ही वाटा एकाच वेळी मेल्या की मी सगळ्यात आधी इथेच बघतो.

कॅमेरा किंवा प्रिंटरच्या वायफायला नेट नसतं. तिथे फोन विचारतो, तरीही जोडलेलं राहायचं का? फोटो उतरवेपर्यंत 'हो' म्हणा, पण 'नेहमी'ला हात लावू नका; पुढच्या वेळी फोन विचारणारच नाही.

बिघाड शोधताना दोन्ही वाटा वेगवेगळ्या तपासा. वायफाय बंद करून डेटावर एक पान उघडा, मग डेटा बंद करून वायफायवर. पान कधीही न उघडलेलं हवं, कारण आधी पाहिलेलं पान फोनच्या साठ्यातून येतं आणि नेट आहे असा भास होतो. एकट्या वायफायवरच अडत असेल तर ते नेटवर्क 'फरगेट' करून पुन्हा जोडा.

'रिसेट नेटवर्क सेटिंग' हा उपाय अगदी शेवटचा. त्यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात. काही फोनमध्ये त्याच पानावर ई-सिम (कार्डाविना फोनमध्येच साठवलेलं सिम) पुसण्याची खूण असते. बटण दाबण्याआधी ती काढलेली आहे ना, हे डोळ्यांनी बघा.