तळ्यावरचा संकरित गूज कसा ओळखावा

लंडनच्या एखाद्या उद्यानातील तळ्यावर कलहंस (ग्रेलॅग गूज) आणि कॅनडा गूज यांचा मिश्र थवा चरताना पाहिला, तर त्यात कधीतरी दोहोंपैकी कशातच न बसणारा एक पक्षी आढळतो. (मराठीत गूज आणि स्वान या दोघांनाही आपण हंसच म्हणतो; येथे विषय फक्त गूजचा आहे.) कॅनडा गूज मूळचा उत्तर अमेरिकेतला असून 17व्या शतकात तो शोभेसाठी इंग्लंडमध्ये आणला गेला, तर कलहंस तिथलाच. दोघांच्या प्रजाती वेगळ्या असल्या तरी त्यांचा संकर होतो आणि ब्रिटनमध्ये तो पुष्कळदा पाहायला मिळतो.

प्रथम शुद्ध पक्षी नीट पाहून घ्यावेत. कॅनडा गूजचे डोके, मान, चोच आणि पाय काळे असतात, आणि हनुवटीखालून दोन्ही गालांवर चढणारा पांढरा पट्टा रेखीव असतो. कलहंस करडा-तपकिरी, नारिंगी चोचीचा आणि गुलाबी पायांचा; त्याच्या मानेवरच्या पिसांत उभ्या खाचा दिसतात.

आता संशयित पक्ष्याची चोच पाहावी. माझ्या मते रंगरूपापेक्षा तीच अधिक बोलते. संकरिताच्या चोचीवर काळ्यात मांसल गुलाबी रंग असा मिसळलेला असतो, की शाई नीट पुसली गेली नाही असे वाटावे. पायही धड काळे नसतात, मळकट नारिंगी असतात. गालावरचा पांढरा भाग कडा सोडून पसरतो, अनेकदा कपाळापर्यंत आणि चोचीच्या मुळापर्यंत जातो, तर मान काळीऐवजी गडद तपकिरी असून तिच्यावर कलहंसाच्या खाचा पुसटशा उमटलेल्या असतात. पक्षी उडाला तर पंखाचा पुढचा भाग पाहावा: कलहंसाचा तो रुपेरी करडा दिसतो, कॅनडा गूजचा नाही, आणि संकरिताचा या दोहोंच्या मधला असू शकतो.

एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. रंगद्रव्याच्या अभावामुळेही कॅनडा गूजच्या अंगावर पांढरे ठिपके येतात, पण तेव्हा चोचीचा काळा रंग सहसा तसाच राहतो. पाळीव गूजचे रक्त असल्यास पोट जड, लोंबते दिसते. चोचीच्या मुळाशी पांढरे पाहून श्वेतभाल गूजची नोंद करण्याची चूक तर फारच सोपी आहे; त्या जातीच्या प्रौढाच्या पोटावर काळे आडवे पट्टे असतात, ते शोधावेत.

पक्षी कोणासोबत आहे याचीही नोंद घ्यावी, मात्र तिला पुरावा मानू नये, कारण पिल्लू ज्याच्या सोबतीने वाढते त्यालाच आपले समजते. बाजूने, समोरून आणि उडताना असे फोटो घेऊन वहीत ‘कॅनडा गूज × कलहंस, संभाव्य’ असेच लिहावे. दिसण्यावरून आई कोण आणि बाप कोण हे सांगता येत नाही.

हिवाळ्यात भिगवणला किंवा जायकवाडीला पट्टकदंब (डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला गूज) पाहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: त्यांच्या पहिल्या वर्षाच्या पिल्लांच्या डोक्यावर ते दोन काळे पट्टे नसतात, त्यामुळे थव्यातला असा फिकट, बिनपट्ट्याचा पक्षी संकरित समजण्याआधी त्याच्या शेजारी पट्टेवाले आईबाप चरत आहेत का, ते पाहावे.