ग्राहकाची माहिती सांभाळायची कशी : एका फोन नंबरचा माग

वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेचा विषय निघाला की बहुतेक कंपन्यांमध्ये पहिली चर्चा होते ती कोणते सॉफ्टवेअर घ्यावे याची. ही चर्चा आवश्यक आहे, पण ती नंतरची आहे. आपल्याकडे कोणाची कोणती माहिती कोठे पडून आहे हे ज्या कंपनीला सांगता येत नाही, तिच्या हाती कितीही भारी कुलूप दिले तरी ते कोणत्या दाराला लावावे हे तिला कळणार नाही. म्हणून कामाची सुरुवात माहितीचा माग काढण्यापासून करावी, आणि त्यासाठी एकच गोष्ट निवडावी : एका ग्राहकाचा फोन नंबर.

हा नंबर नोंदणीच्या अर्जात भरला जातो आणि डेटाबेसमध्ये जातो, एवढे सर्वांनाच ठाऊक असते. पुढचा प्रवास मात्र क्वचितच कोणी पाहिलेला असतो. ओटीपी पाठवण्यासाठी तो एसएमएस सेवा देणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडे जातो. सर्व्हरवर काही बिघाड झाला की त्याची नोंद करताना प्रोग्राम पुष्कळदा संपूर्ण अर्जच लॉगमध्ये उतरवून ठेवतो, आणि त्यात हा नंबर असतो. विक्री विभाग मासिक अहवालासाठी ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये काढून घेतो. ती फाइल ईमेलने तिघांना जाते, तिघांच्याही लॅपटॉपवर डाउनलोड होते आणि अहवाल सादर होऊन महिने उलटले तरी तिथेच राहते. तक्रारी हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याने ग्राहकाशी झालेल्या संभाषणाचा स्क्रीनशॉट कार्यालयाच्या चॅट ग्रुपवर टाकलेला असतो. नव्या आवृत्तीची चाचणी घेण्यासाठी डेव्हलपरने खऱ्या डेटाबेसची प्रत काढलेली असते. शिवाय रोज रात्री बॅकअप होतोच. एका नंबरच्या अशा आठ-दहा प्रती सहज निघतात आणि त्यांपैकी नीट बंदोबस्तात असते ती बहुधा पहिली एकच.

हा माग काढण्यासाठी विभागप्रमुखांना प्रश्नावली पाठवून फारसे काही हाती लागत नाही. लोक लपवतात असे नव्हे. रोज हाताळल्या जाणाऱ्या फायलींमध्ये कोणाची खासगी माहिती आहे, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. त्यापेक्षा प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तीशेजारी बसावे आणि "मागचा अहवाल कसा तयार केलात, ते एकदा करून दाखवाल का?" असे विचारावे. जे दिसेल ते एका तक्त्यात लिहावे : कोणती माहिती, कोठून आली, कोठे ठेवली आहे, कोण पाहू शकते, कशासाठी लागते आणि कधी पुसायची. शेवटचे दोन रकाने भरताना सर्वाधिक वेळ लागतो, आणि तो वेळ द्यावा, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच दोन रकान्यांवर उभे राहतात.

नको असलेली माहिती घेऊच नये

तक्ता हाती आला की प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा : ही माहिती नसती तर आपले कोणते काम अडले असते? ग्राहक सज्ञान आहे एवढेच पाहायचे असेल, तर संपूर्ण जन्मतारीख साठवण्याचे कारण नाही. "१८ वर्षे पूर्ण" एवढी नोंद पुरते. ओळखपत्र एकदा तपासायचे असेल, तर तपासल्याची तारीख ठेवावी, ओळखपत्राची प्रत ठेवू नये. "पुढेमागे उपयोगी पडेल" हे कारण मान्य करू नये. जी माहिती आपल्याकडे नाही ती चोरीला जाऊ शकत नाही, आणि एवढा स्वस्त व खात्रीचा उपाय बाजारातल्या कोणत्याही साधनात मिळणार नाही.

येथे एका गैरसमजाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. यादीतून नावे काढली की ती निनावी झाली आणि आता ती कोणालाही देता येईल, असे अनेक जण प्रामाणिकपणे मानतात. अमेरिकेतील संशोधक लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिले की केवळ जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी टपाल क्रमांक या तीन गोष्टींच्या मेळाने त्या देशातील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येण्याची शक्यता होती. म्हणजे नाव पुसले तरी माणूस शिल्लक राहतो. यादी बाहेर द्यायचीच असेल तर जन्मतारखेऐवजी वयोगट द्यावा, पत्त्याऐवजी मोठा प्रदेश द्यावा, आणि ज्या गटात मोजकीच माणसे उरतात ते गट वगळावेत.

संमती घेतानाही हाच संयम पाळावा. युरोपीय संघाचा माहिती संरक्षणाचा नियम, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. आधीच बरोबरची खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, आणि संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. आपल्याला तो नियम लागू असो वा नसो, या दोन गोष्टी कोणत्याही कंपनीने पाळाव्यात अशा आहेत. एका टिचकीने दिलेली संमती मागे घेण्यासाठी ग्राहकाला तीन ईमेल लिहायला लावणे हा त्याचा विश्वासघात आहे.

कुलपे : कोणती, कोठे आणि कशासाठी

पासवर्डपासून आरंभ करावा, कारण आपल्याकडून फुटलेला पासवर्ड ग्राहकाची दुसऱ्या ठिकाणची खातीही उघडून देतो. पासवर्ड जसाच्या तसा ठेवू नये हे सर्वांना माहीत असते; तो एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात बदलून, ठेवणेही पुरेसे नाही, हे तितकेसे माहीत नसते. २०१३ मध्ये अडोबी कंपनीच्या कोट्यवधी खात्यांची माहिती बाहेर पडली तेव्हा त्यातील पासवर्ड एन्क्रिप्ट केलेलेच होते, पण सर्वांसाठी एकच किल्ली होती आणि पद्धत अशी होती की ज्यांचा पासवर्ड सारखा त्यांच्यासमोरची अक्षरेही सारखीच. शेजारीच लोकांनी स्वतःसाठी लिहिलेल्या खुणेच्या ओळी उघड्या वाचता येत होत्या. एकाच पासवर्डसाठी शंभर जणांनी लिहिलेल्या शंभर खुणा एकत्र वाचल्या की पासवर्ड ओळखायला किल्लीची गरज उरत नाही.

म्हणून पासवर्डचा हॅश ठेवावा, म्हणजे ज्यातून मूळ शब्द उलट काढता येत नाही असे रूप. प्रत्येक खात्यासाठी वेगळा सॉल्ट, म्हणजे यादृच्छिक अक्षरांची भर, त्यात मिसळावी, जेणेकरून सारख्या पासवर्डचेही हॅश वेगळे येतील. आणि हॅश करण्याची पद्धत मुद्दाम संथ असावी, म्हणजे चोराला एकेक अंदाज पडताळून पाहणे महाग पडेल. १९९९ मधली बीक्रिप्ट आणि २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत विजयी ठरलेली आर्गॉन२ या याच कामासाठी घडवलेल्या पद्धती आहेत. अशी पद्धत स्वतः तयार करण्याच्या फंदात कोणीही पडू नये.

माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना टीएलएस, म्हणजे वाटेत ती एन्क्रिप्ट करून नेणारी पद्धत, वापरावी. तिची १.३ ही आवृत्ती २०१८ पासून उपलब्ध आहे आणि जुन्या १.० व १.१ या आवृत्त्या बंद कराव्यात. सर्व्हरच्या आणि लॅपटॉपच्या डिस्क एन्क्रिप्ट कराव्यात. मात्र डिस्कवरचे एन्क्रिप्शन कशापासून वाचवते हे नीट समजून घ्यावे : लॅपटॉप हरवला किंवा डिस्क चोरीला गेली तर ते उपयोगी पडते, परंतु कोणी कर्मचाऱ्याचे खाते वापरून रीतसर आत शिरला तर त्याच्यासाठी सारी माहिती उघडीच असते. त्यामुळे ओळखपत्राचे क्रमांक, आरोग्याच्या नोंदी असे संवेदनशील रकाने स्वतंत्रपणे एन्क्रिप्ट करावेत आणि किल्ली त्याच डेटाबेसमध्ये ठेवू नये. कर्मचाऱ्यांच्या खात्यांना पासवर्डव्यतिरिक्त दुसरा पुरावा अनिवार्य करावा. पासकी (फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा हार्डवेअर किल्ली (त्याच कामाचे छोटे उपकरण) असेल तर उत्तम, कारण ती खऱ्या संकेतस्थळाशी बांधलेली असते आणि हुबेहूब नकली पानावर चालत नाही. एसएमएसवरचा ओटीपी मात्र माणूस फसून नकली पानावर टाइप करू शकतो.

आता फोन नंबरच्या त्या प्रतींकडे परत येऊ. लॉगमध्ये नंबर लिहिला जाण्यापूर्वीच शेवटचे दोन-तीन अंक सोडून बाकीचे झाकावेत. चाचणीसाठी बनावट माहिती तयार करून वापरावी. मासिक अहवालाला आकडे लागतात, नंबर लागत नाहीत. तेव्हा एक्सेलमध्ये यादी काढण्याची सोयच मोजक्या जणांपुरती ठेवावी आणि कोणी, कधी, किती ओळी काढल्या याची नोंद आपोआप व्हावी. या उपायांवर खर्च जवळपास नाही, लागते ती चिकाटी.

माणसे आणि रिवाज

ज्याला कामासाठी जेवढे लागते तेवढेच दिसावे, हा नियम मालकापासून प्रशिक्षणार्थीपर्यंत सर्वांना सारखा असावा. विभाग बदलला की जुने अधिकार त्याच दिवशी काढावेत, आणि राजीनामा दिलेल्या व्यक्तीची खाती शेवटच्या कामाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंद व्हावीत. बाहेरच्या सेवा पुरवठादारांशी करार करताना माहिती कशासाठी वापरायची, काम संपल्यावर कधी पुसायची आणि गळती झाली तर किती तासांत कळवायचे, हे लेखी घ्यावे.

गळती कधीतरी होऊ शकते हे धरूनच तयारी ठेवावी. जीडीपीआरनुसार गळती लक्षात आल्यापासून शक्यतो ७२ तासांच्या आत नियामकाला कळवावे लागते, आणि लोकांना मोठा धोका संभवत असेल तर त्यांनाही विनाविलंब सांगावे लागते. तीन दिवस ऐनवेळी फार थोडे पडतात. कोणाला फोन करायचा, कोणती यंत्रणा बंद करायची, ग्राहकांना लिहायच्या पत्राचा मसुदा कोठे आहे, हे एका पानावर छापून ठेवावे, कारण त्या वेळी संगणक उघडेलच असे नाही. आणि ज्याने चुकून भलत्याच पत्त्यावर यादी पाठवली त्याने पाच मिनिटांत येऊन सांगितले, तर त्याच्यावर ओरडू नये. त्याला ओरडा बसला तर पुढची चूक आपल्याला बाहेरच्यांकडून कळेल.

माहिती पुसणे हे सर्वांत दुर्लक्षित काम आहे. मुदत संपली की ती आपोआप पुसली जाईल अशी व्यवस्था करावी. आठवणीवर सोडलेले काम होत नाही. बॅकअपमधून एकेक नोंद काढणे अवघड असते, म्हणून बॅकअपची मुदत मर्यादित ठेवावी. प्रत्येक ग्राहकाची संवेदनशील माहिती त्याच्या स्वतंत्र किल्लीने एन्क्रिप्ट केलेली असेल आणि किल्ल्यांचा साठा त्या बॅकअपपासून अलग ठेवला असेल, तर किल्ली नष्ट करताच जुन्या बॅकअपमधली प्रतही वाचण्याजोगी राहत नाही.

हे सारे खरोखर चालते का, हे पाहण्यासाठी दर तीन महिन्यांनी खाते बंद करण्याची विनंती केलेल्या एका ग्राहकाचा फोन नंबर घ्यावा आणि तक्त्यातल्या प्रत्येक ठिकाणी तो शोधावा : डेटाबेस, लॉग, एक्सेलच्या फायली, ईमेल, चॅट ग्रुप, चाचणीचा सर्व्हर, एसएमएस कंपनीची नोंद, बॅकअप. जेथे सापडेल त्या ओळीसमोर जबाबदार व्यक्तीचे नाव आणि पुसण्याची तारीख लिहावी, आणि त्या तारखेला तोच नंबर पुन्हा शोधून पाहावा.