गे असल्याचं न लपवता वॉर्डातून उभं राहायचंय? मग हार्वे मिल्क नीट अभ्यासा

प्राइड झालं, हेल्पलाइन झाली, आता नगरसेवकपदासाठी उभं राहू का, असं ज्यांच्या मनात घोळतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. सॅन फ्रान्सिस्कोचा हार्वे मिल्क सगळ्यांना माहितीये तो त्याच्या हत्येमुळे, पण आपल्या कामाची आहेत ती त्याआधीची हरलेली वर्षं. शहराच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सच्या (आपल्या महापालिका सभागृहासारखं) निवडणुकीत 1973 ला हरला, 1975 ला हरला, 1976 ला राज्याच्या विधानसभेला उभा राहिला तिथेही हरला, आणि 1977 ला बोर्डावर निवडून आला. प्रत्येक वेळी उघडपणे गे म्हणूनच.

सुरुवात एरियापासून करा, पार्टीच्या ऑफिसपासून नाही. हार्वेने 1973 मध्ये कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्याचं दुकान टाकलं, लोक फिल्मचे रोल द्यायला यायचे आणि तिथल्या जुन्या सोफ्यावर बसून गाऱ्हाणी सांगायचे, तो तिथेच मतदार नोंदणीचे फॉर्मही भरून घ्यायचा. जुन्या व्यापारी संघटनेने गे दुकानदारांची वाट अडवली तेव्हा हार्वे आणि बाकीच्या दुकानदारांनी वेगळी संघटना उभी केली आणि 1974 ला कॅस्ट्रो स्ट्रीट फेअर भरवला, गर्दी झाली, गल्ला भरला, मग विरोध करणारे दुकानदारही मऊ पडले. तुमच्याकडे दुकान नसेल तर सोसायटी, रिक्षा स्टँड, गणेश मंडळ, जिथे लोक तुम्हाला नावाने ओळखतात ती जागा धरा.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, मदत करताना बदल्यात काय हवंय ते तोंडाने मागा. ट्रक ड्रायव्हर्सच्या युनियनला कूर्स बिअरवर बहिष्कार टाकायचा होता, त्यांचा नेता ॲलन बेअर्ड हार्वेकडे आला की गे बारमधून ही बिअर बंद करायला मदत कर. हार्वे म्हणाला करतो, पण तुम्ही गे लोकांना ड्रायव्हर म्हणून नोकऱ्या द्या. बारमधून बिअर गेली, आणि पुढे याच कामगार युनियन्स त्याच्या प्रचाराला उतरल्या, ज्यांच्याकडून कुणी अपेक्षाच केली नसती. आपल्याकडे सफाई कामगार आहेत, फेरीवाले आहेत, त्यांच्या मोर्चात जा, पण नुसता फोटो काढून परत येऊ नका.

मतांचं गणित आधी बघा. 1973 मध्ये तो 32 जणांत दहावा आला कारण मतदान अख्ख्या शहराचं होतं, कॅस्ट्रो या गे वस्तीतली मतं शहरभरात बुडून गेली. 1976 मध्ये लोकांनी जिल्हावार निवडणुकीला कौल दिला आणि पुढच्याच वर्षी तो डिस्ट्रिक्ट 5 मधून, म्हणजे कॅस्ट्रोच्याच भागातून, आला. मुंबईत एका वॉर्डाला एक नगरसेवक, पण पुण्या-नागपूरसारख्या शहरांत पॅनल असतं (एकाच प्रभागातून अनेक नगरसेवक), तिथे तुमच्याबरोबर पॅनलमध्ये कोण उभं आहे आणि ते स्टेजवर तुमच्या शेजारी मोकळेपणाने उभे राहतील का, हे फॉर्म भरायच्या आधी विचारून घ्या.

कपड्यांवरून वाद नको. त्याने शेंडी (म्हणजे पोनीटेल हो) कापली, सूट घातला, पण गे असल्याबद्दल बोलणं काही कमी केलं नाही. पैसे नसतील तर माणसं उभी करा, सकाळी ऑफिसला जायच्या वेळी त्याचे कार्यकर्ते मार्केट स्ट्रीटच्या कडेने बोर्ड धरून ओळीने उभे राहायचे, होर्डिंगचं भाडंच नाही.

निवडून आल्यावर त्याने नोकरी-घर यातला भेदभाव थांबवणारा कायदा 10 विरुद्ध 1 मतांनी पास करून घेतला. पण गाजला तो कुत्र्याच्या घाणीवरून! ड्यूबोस पार्कमध्ये कॅमेरेवाल्यांना बोलावलं, कायदा समजावत चालत गेला आणि ठरवूनच घाणीत पाय टाकला. मालकाने आपल्या कुत्र्याचं उचलायचं, एवढाच नियम, पण अख्ख्या शहराला पटला.

1978 मध्ये गे शिक्षकांना शाळांतून काढायचा, राज्यातला नेता ब्रिग्ज याचा प्रस्ताव राज्यभरच्या मतदानाला आला तेव्हा तो सांगायचा, घरच्यांना, शेजाऱ्यांना, ऑफिसात सांगा की तुम्ही कोण आहात, आणि प्रस्ताव दहा लाखांहून जास्त मतांनी पडला. तरी तुमच्या कार्यकर्त्यांवर हे लादू नका, ज्याला घरातून बाहेर काढतील अशी भीती आहे त्याला बूथवर बसवू नका, मतदार याद्या तपासायचं काम द्या, ते पण तितकंच लागतं.

धमक्या आल्या तर पोलीस स्टेशनला लेखी द्या, पोच घ्या, आणि पुढचा माणूस तयार ठेवा. हार्वेने 1977 च्या नोव्हेंबरमध्येच टेप करून ठेवलं होतं की मला मारलं तर माझ्या जागी कोण चालेल. 27 नोव्हेंबर 1978 ला माजी सहकारी डॅन व्हाइटने सिटी हॉलमध्ये महापौर मॉस्कोनी आणि त्याला गोळ्या घातल्या. त्या टेपमधल्या नावांपैकी हॅरी ब्रिटची नेमणूक झाली आणि तो 1993 पर्यंत त्या बोर्डावर होता. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन-तीन जणांना प्रत्येक मीटिंगला बरोबर न्या, पाण्याची लाइन फुटली तर वॉर्ड ऑफिसात कुणाला फोन करायचा हे तुमच्याइतकंच त्यांनाही माहिती हवं.