चित्रे दिसत नाहीत? कॅश पुसण्यापूर्वी या चुका टाळा

नागपुरात प्रवेशाचे आणि परीक्षांचे अर्ज भरण्याचे दिवस आले, की ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत एक तक्रार हमखास ऐकू येते: पान उघडते, रकाने दिसतात, परंतु कॅप्चाच्या, म्हणजे पाहून टाइप करायच्या अक्षरांच्या चित्राच्या, जागी कोरी चौकट असते. अशा वेळी "नेट स्लो आहे जी" असे म्हणत ब्राउझरमधला सगळा डेटा पुसून टाकणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. कारण त्या सफाईत कुकीज, म्हणजे आपले लॉगइन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदीही जातात, लॉगइन तुटते आणि अर्धा भरलेला अर्ज बहुधा पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. आधी कॅप्चाशेजारचा गोल बाण दाबावा. पुसण्याची वेळ आलीच, तर साठवलेल्या इमेज आणि फाइल, म्हणजेच कॅश, एवढ्याच पर्यायावर खूण ठेवावी.

दुसरी चूक म्हणजे रिकाम्या जागेकडे नीट न पाहणे. तेथे फाटक्या चित्राचे बारीक चिन्ह असेल, तर ब्राउझरने चित्र मागितले होते, परंतु ते मिळाले नाही किंवा त्याला उघडता आले नाही. चित्राचा वरचा भाग दिसून खालचा कोराच राहिला असेल, तर फाइल उतरत असताना जोडणी तुटली असण्याची शक्यता अधिक. आणि चित्राची जागाच नाहीशी झाली असेल, तर जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनवर, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर, पहिला संशय घ्यावा. साध्या उत्पादनाच्या फोटोलाही ते कधीकधी जाहिरात समजते.

त्यानंतर तेच पान मोबाइलवर, वायफाय बंद करून, उघडावे. तेथेही चित्र नसेल, तर दोष बहुधा वेबसाइटचा असतो आणि आपल्या संगणकाशी झटापट करण्यात अर्थ नसतो. मोबाइलवर दिसत असेल, तर संगणकावर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडावी. तिच्यात एक्स्टेन्शन सहसा बंद असतात आणि जुनी कॅश वापरली जात नाही, त्यामुळे तेथे चित्र आले तर या दोहोंपैकी एक बहुधा दोषी आहे, हे कळते. मग एक्स्टेन्शन एकेक करून बंद करावे. सगळे एकदम काढून टाकले, तर नेमके कोणते नडत होते ते कधीच समजत नाही. पत्त्याच्या डावीकडील चिन्हावरून साइट सेटिंग्जमध्ये जाऊन इमेजना परवानगी आहे ना, हेही पाहून घ्यावे.

संगणकाची तारीख मात्र सहसा कोणी पाहत नाही. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडण्याची सवय असेल आणि मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलेला असेल, तर सकाळी संगणक कित्येक वर्षे मागे गेलेला असतो. मग ब्राउझरला वेबसाइटची ठरावीक मुदतीची सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध वाटतात. इशारा डावलून पान उघडले, तरी दुसऱ्या सर्व्हरवरून येणारी चित्रे गुपचूप अडतात.

वेबसाइट ज्यांची स्वतःची आहे, त्यांच्या चुका निराळ्या. इतवारीतील माझ्या ओळखीच्या एका मिठाईवाल्यांनी संत्रा बर्फीचे फोटो साइटवर चढवले, पण ग्राहकांना एकही दिसेना. "माझ्या कॉम्प्युटरवर तर दिसते ना जी!" हे त्यांचे म्हणणे खरेच होते. कॅमेऱ्याने फाइलच्या नावाअखेरचे जेपीजी मोठ्या लिपीत लिहिले होते, पानाच्या कोडमध्ये ते लहान लिपीत होते. विंडोजला हा फरक चालतो, लिनक्सच्या सर्व्हरला सहसा चालत नाही. एफ१२ दाबून नेटवर्क या भागात पान पुन्हा लोड केले, तेव्हा प्रत्येक फोटोसमोर ४०४, म्हणजे त्या पत्त्यावर फाइल नाही, असे लाल अक्षरांत उमटले. तेथे ४०३ दिसला असता, तर सर्व्हर फाइल देण्यास नकार देत आहे, असा अर्थ झाला असता. दुसऱ्याच्या साइटवरील फोटोची केवळ लिंक उचलून लावणाऱ्यांना हा अनुभव अनेकदा येतो.

आयफोनवर काढलेल्या फोटोंची अडचण वेगळी आहे. २०१७ पासून आयफोन हाइक (HEIC) स्वरूपात फोटो साठवू लागले आणि ते स्वरूप क्रोम दाखवत नाही. फाइलचे नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिल्याने आतला मजकूर बदलत नाही; फोटो रीतसर रूपांतरित करावा लागतो. पुढच्या फोटोंसाठी कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये फॉरमॅट्स उघडून मोस्ट कम्पॅटिबल निवडावे.